रस्ता कळला पाहिजे

स्प्रिंग सुटली तेव्हा गाळ्यात आम्ही चौघं होतो, आणि दचकलो तिघंच.

मेकॅनिक नेव्हिलने ती शिकंज्यात धरून दाबत आणली होती, जुन्या शॉकअपवरून उतरवायला. सुयोग, माझा नवरा, शेजारी उकिडवा बसून "अजून थोडी, अजून, बस बस" म्हणत होता. मी आठ महिन्यांच्या मीराला कडेवर घेऊन दाराशी उभी होते, कारण आत ग्रीसचा वास आणि बाहेर ऊन. तेवढ्यात शिकंज्याचा एक पाय सरकला. मला दिसलं काहीच नाही, फक्त आवाज झाला. अर्ध्या ओढलेल्या पत्र्याच्या शटरवर काहीतरी असं आदळलं की माझ्या दातांना झिणझिण्या आल्या, समोरच्या गाळ्यातला लेथवाला मशीन बंद करून बाहेर आला, छपरावरची कबुतरं उठली. सुयोग जमिनीवर पालथा, नेव्हिलचे दोन्ही हात डोक्यावर. स्प्रिंग सिमेंटवर गरगरत गरगरत एका जागी थांबली आणि मग दोघंही हसायला लागले. जीव वाचला की पुरुष हसतात तसे. "डोकं गेलं असतं ना यार तुझं," नेव्हिल म्हणाला, "डायरेक्ट नारळ." सुयोग कपडे झटकत म्हणाला, "गेलं असतं तर तुझ्याच गाळ्यात पुरलं असतंस मला, जागा तरी कुठे आहे?" आणि परत हसले. मी हसत नव्हते. मी मीराकडे बघत होते. दचकून मी तिला आवळली होती, आणि तिने माझ्याकडे जरा वैतागून पाहिलं होतं, मी का आवळते आहे म्हणून. बस, एवढंच. मग ती परत जॅकवर चढवलेल्या गाडीच्या लाल पत्र्यावर हलणारा पंख्याचा उजेड बघायला लागली. "वहिनी, हिला बघा!" नेव्हिल म्हणाला. "आपली सगळ्यांची वाट लागली आणि ही मॅडम मजेत. आमची आय म्हणते, फटाक्याला न भिणारं पोर दर्यावर जातं." सुयोगने काळ्या हातांनी तिला धरायला नको म्हणून नुसतं नाक तिच्या पोटावर घासलं. "माझी पोरगी आहे. हिला कसली भीती?" मीरा खुदकन हसली. पोटाला दाढी टोचली म्हणून.

पोटाला दाढी टोचली म्हणून. हे "म्हणून" तिथे चारकोपच्या त्या गाळ्यात पहिल्यांदा माझ्या डोक्यात शिरलं आणि नंतर आठवडाभर निघालं नाही. दार वाजलं, मीरा वळली: पडदा हलला म्हणून. कुकरची शिट्टी झाली, तिने वर पाहिलं: मी गॅसकडे धावले म्हणून. आतापर्यंत तिच्या प्रत्येक वळण्यामागे आम्ही सगळ्यांनी एकच कारण धरलं होतं, आणि आता मला ते सोडून बाकीची सगळी कारणं दिसायला लागली.

गाडी सुयोगने लोखंडवालातल्या कुणा बिल्डरच्या मुलाकडून वापरलेली घेतलेली. दोन दारं, मागे नावापुरती सीट, आणि बसलं की रस्ता कमरेशी. सुयोग लिफ्टच्या कंपनीत सर्व्हिसला आहे. अंधेरीपासून दहिसरपर्यंतच्या टॉवरांतल्या लिफ्ट त्याच्याकडे. लग्नाआधी आम्ही कुठल्याही मॉलमध्ये गेलो तरी लिफ्टमध्ये शिरल्यावर तो माझं बोलणं हाताने थांबवायचा. "ऐक." मी ऐकायचे, मला काही कळायचं नाही. "वरचा रोलर घासतोय. ऐकलंस?" मला तेव्हा ते फार आवडायचं. इतकं बारीक ऐकणारा माणूस आपलंही ऐकेल असं वाटायचं. गाडीचंही तसंच. पुढच्या महिन्यात पनवेलच्या पलीकडे कुठल्याशा खाजगी धावपट्टीवर त्याचा ट्रॅकचा दिवस, म्हणजे गाड्या पळवायचा दिवस, ठरला होता, त्यासाठी गाडी कडक करायची होती. नवे शॉकअप, आखूड आणि जाड स्प्रिंगा, सांध्यांतले रबरी बुश काढून घट्ट बुश, गाडी दोन बोटं खाली. मी एकदा विचारलं होतं, आहे ती काय वाईट आहे, पाण्यावरून गेल्यासारखी जाते. तेव्हा त्याने मला जेवणाच्या ताटावर वाटी तिरकी करून दाखवलं होतं, वळणावर गाडी कशी कुशीवर पडते, आतलं चाक कसं उचललं जातं. "मऊ गाडी खोटं बोलते, दीपू. खाली काय चाललंय ते तुला कळूच देत नाही. सगळं छान छान. आणि मग एकदम सोडून देते. ट्रॅकवर रस्ता कळला पाहिजे. बुडाला, हाताला. धक्का बसला तर बसू दे, पण कळला पाहिजे." वाटीतली आमटी ताटात सांडली. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, आतून म्हणाल्या, "गाडयेचा काय ता रस्त्यार दाखव. आमटी खावची असता."

आमच्या घरात कुणी हळू बोलत नाही. माझे सासरे, अण्णा, गिरणीत साचेवाले, म्हणजे मागावर, होते. साच्यांच्या खात्यात उभं आयुष्य काढल्यावर कान राहतात कुठे? त्यांचा टीव्ही चारकोपच्या आमच्या सेक्टरमधल्या चार बिल्डिंगांना ऐकू जातो, आई त्यांच्याशी बोलतात ते खालच्या भाजीवाल्याला कळतं, आणि त्यांच्याशी बोलून बोलून आईंचा आमच्याशी बोलायचा आवाजही तेवढाच. या घरात मीरा पाळण्यात शांत झोपायची. माझ्या माहेरी मुलुंडला जी येईल ती बाई म्हणायची, किती शहाणं बाळ गं, आमच्याकडे चमचा पडला तर घर डोक्यावर. मला अभिमान वाटायचा. अण्णा आणि मीराचं मात्र वेगळंच जमलेलं. तिला पोटावर पालथी घेऊन ते खर्जात काहीतरी पुटपुटत राहायचे, आणि ती त्यांच्या छातीला गाल लावून डोळे मिटायची. अण्णा सांगतात, खात्यात आवाज एवढा की शेजारचा साचा तुटला तरी ऐकू यायचा नाही. ते साच्यावर हात ठेवायचे आणि कुठे बिघडलंय ते तळव्याला कळायचं. मी ही गोष्ट कितीदा ऐकली होती. जुनी माणसं सांगतात तशी एक गोष्ट म्हणून ऐकली होती.

त्या रविवारी घरी आल्यावर सुयोगने स्प्रिंगची गोष्ट सांगितली, हातवारे करून, अण्णांसाठी ओरडून. मीरा घाबरली नाही हे तर दोनदा. आईंचा चेहरा फुलला. "मी थाळी वाजयलंय तेच्यासाठी. तुमी हसलात मगे." खरंच हसलो होतो. नर्सिंग होममधून मीराला घरी आणलं त्या दिवशी आईंनी पितळेची थाळी आणि लाटणं घेऊन तिच्या उशाशी ठणठणाट केला होता. पोर पुढे कशाला दचकू नये म्हणून. मी बाळंतिणीच्या खोलीत कानांवर हात ठेवले होते, आणि मीरा झोपलेली होती. झोपलेलीच राहिली होती. "बघ," आई तेव्हा म्हणाल्या होत्या, "कसा गुणाचा चेडू." आणि बारशाला अक्षता, माझी नणंद, पाळण्यावर वाकली, बायकांनी तिच्या पाठीत धपाधप बुक्क्या घातल्या, आणि तिने मीराच्या कानाला ओठ लावून "कुर्रर्र" केलं आणि नाव सांगितलं. हसून हसून तिला नीट सांगताही येईना, म्हणून दोनदा सांगितलं. त्या फोटोत मीराचे डोळे मोठ्ठे आहेत. आम्ही तो फोटो मोठा करून लावलाय. नाव कळलं बघ हिला, असं सगळे म्हणाले. आता मी त्या फोटोसमोर उभी राहायचे तेव्हा मला अक्षताच्या कानातला झुमका दिसायचा, मीराच्या डोळ्यांसमोर लोंबणारा.

मी बीएस्सीला होते तेव्हा प्रॅक्टिकलला मॅडम एकच गोष्ट घोकून घ्यायच्या: एका वेळी एकच गोष्ट बदला. बाकी सगळं होतं तसंच ठेवा, नाहीतर काय कशाने झालं ते कळणार नाही. सुयोगही हेच म्हणायचा, शॉकअप कडक-मऊ करायचा खटका एका वेळी एकच फिरवायचा. मी घरात तेच करायला गेले आणि लक्षात आलं की घरात एकच गोष्ट बदलताच येत नाही. मीराच्या मागे जाऊन पातेल्याचं झाकण टाकलं तर लादी थरथरते. टाळी वाजवली तर वारा येतो. हाक मारली तर मी तिच्याजवळ असते, माझा वास असतो. एकदा ती गादीवर बसली होती, लादीवर नाही, पंखा बंद, पडदा बांधलेला; मी दाराआडून हळू हाक मारली, मग जोरात, मग इतकी जोरात की शेजारच्या मीनाताईंनी विचारलं, काय गं, काय झालं? मीरा आपल्या पायाचा अंगठा बघत होती. पाचेक महिन्यांची असताना ती दिवसभर बडबडायची, आऽऽ, बाऽ, गूऽ. अलीकडे कमी झालं होतं. आई म्हणायच्या, दात येताहेत. मी गादीजवळ जाऊन बसले, लादीवर तळवा आपटला. मीरा वळली आणि मला बघून सगळ्या हिरड्यांनी हसली. इतकी हसली की क्षणभर मला वाटलं, आपण वेड्या आहोत. आपणच रात्र रात्र जागून वेड्या झालोय, हिला काही झालेलं नाही. मला ते वाटून घ्यायचं होतं. मऊ मऊ वाटत होतं ते.

आईंना सांगायचा एकदा प्रयत्न केला. त्या कोथिंबीर निवडत होत्या. मी म्हटलं, "आई, मीरा ऐकत नाही हो." त्यांनी वर न बघता देठ मोडला. "बापाशीर गेलाहा. तो तरी खय कोणाचा ऐकता?" आणि स्वतःच्या विनोदावर त्या एवढ्या मोकळ्या हसल्या की मी समोर बसून कोथिंबिरीच्या काड्या उचलायला लागले. खरं तर मी "ऐकू येत नाही" म्हणायला हवं होतं. एक शब्द मधून गळला होता, आणि तो गळला कसा, मी मुद्दाम गाळला का, हे मला आजही सांगता येणार नाही. ऐकत नाही म्हणजे हट्टी. त्याला घरात जागा होती, त्यावर हसता येत होतं. दुसऱ्याला कुठेच जागा नव्हती. तो शब्द मी न्हाणीघरात नळ सोडून म्हणून बघितला. तिला ऐकू येत नाही. बादली भरून वाहायला लागली.

आणि सुयोग. सुयोग घरी आला की गाडीबद्दलच बोलायचा. नवे शॉकअप बसले, आता खटक्यांवर चाललंय. पुढे डावीकडून एक आवाज येतोय, अगदी बारीक, खट्, फक्त खड्ड्यात उतरताना. नेव्हिलला तो ऐकू येत नाही. "मला येतोय," सुयोग म्हणायचा, "कान फुटलेत का त्याचे?" जेवताना तो मधेच थांबायचा, डोळे बारीक करून, जणू तो खट् आता ताटातून येणार आहे. मी त्याच्याकडे बघायचे. केसाएवढी फट ऐकणारा हा माणूस, आणि त्याच्या मांडीवर मीरा, तो तिच्या कानाशी "मीरू मीरू" करतोय आणि ती त्याच्या ओठांकडे बघतेय. कानाकडे नाही, डोळ्यांकडे नाही, ओठांकडे. मला वाटायचं, याला दिसत कसं नाही? मग वाटायचं, न दिसू दे. याला कळलं की ते खरं होईल. तोवर ते फक्त माझं आहे, माझ्यातल्या माझ्यात दाबून धरलेलं.

पुढच्या रविवारी सकाळी त्याने आम्हाला दोघींना खाली बोलावलं. गाडी जमिनीला चिकटल्यासारखी दिसत होती. "चल, मढपर्यंत. नेव्हिलच्या घरी चहा पिऊ, तो खट् तू पण ऐक." मी म्हटलं, मांडीवर घेऊन? "अगं, हळू जाणार. तुम्ही असताना मी काय पळवणार आहे?" मार्वे रोडला लागेपर्यंत मला कळलं, कडक म्हणजे काय. पेव्हर ब्लॉकचा प्रत्येक सांधा मणक्यात येत होता. वजन कमी करायला आतले जाजम आणि आवाज अडवणारी जाडी अस्तरं काढून टाकलेली. खडा उडाला तर पत्र्यावर ठण्ण वाजायचा, इंजिनाचा घोगरा आवाज पायातून वर यायचा, आणि आम्ही दोघं ओरडून बोलत होतो, अण्णांशी बोलावं तसं. आणि मीरा. मीराने दोन्ही पावलं समोरच्या डॅशबोर्डवर टेकली होती. पहिल्यांदा ती स्तब्ध झाली. मग तिचे डोळे मोठे झाले, बारशाच्या फोटोत आहेत तसे, पण इथे झुमका नव्हता. मग तिच्या तोंडून आवाज निघाला. किती दिवसांनी. आऽऽऽ, लांब, आणि प्रत्येक खड्ड्यात तो तुटायचा, आऽ-आऽ-आ, आणि तो तुटला की ती स्वतःच खिदळायची. तिची पावलं, नडगी, पाठ, सगळी ती ऐकत होती. तिच्या पाठीतून तो रस्ता माझ्या पोटात येत होता. "बघ! बघ तिला!" सुयोग ओरडला. "दीपू, हिला रस्ता कळतोय! तुला नाही कळत, हिला कळतोय!"

अक्साचा फाटा मागे पडला. एका बाजूला सुरूची झाडं, पुढे शूटिंगच्या बंगल्याबाहेर उभ्या केलेल्या पांढऱ्या व्हॅन. सुयोग हसत होता. इतका खुश मी त्याला मीरा झाली त्या दिवशीच पाहिला होता. आणि मला अगदी स्पष्ट दिसलं की मी गप्प राहिले तर हा असाच राहील, अजून महिनाभर, अजून वर्षभर, आणि या सगळ्या काळात मीरा त्याच्या ओठांकडे बघत राहील. डॉक्टरांकडे जायला जेवढा उशीर होईल तेवढा वेळ तिचा जाईल, त्याचा नाही.

"तिला ऐकू येत नाही," मी म्हटलं.

"काय?"

"मीराला. ऐकू येत नाही."

"आवाज बघ किती आहे. ऐकू नाही आलं मला. नंतर सांग."

पुढे वळण होतं. गाडीचा वेग उतरला, इंजिन घुसमटायला लागलं, धडधडायला लागलं, खालचा गिअर मागत होतं. मलासुद्धा ऐकू येत होतं ते. सुयोगचा हात गिअरवर होता आणि तो हलवत नव्हता. रोलर घासलेला ऐकणारा माणूस ते तसंच घुसमटू देत वळणभर गेला. त्यावरून मला कळलं, मी पहिल्यांदा म्हटलं तेव्हाच त्याने ऐकलं होतं.

वळणापलीकडे त्याने गाडी बाजूला घेतली आणि किल्ली फिरवली. सगळं एकदम बंद झालं. मीराने चटकन मान वळवून त्याच्याकडे पाहिलं.

"बघ," तो म्हणाला. आवाज विचित्र होता त्याचा. "बघितलंस? आवाज बंद झाला तशी वळली. कळलं तिला. काय तू पण दीपू, मोबाईलवर काहीबाही वाचतेस आणि..."

"पाय आहेत तिचे डॅशबोर्डवर."

"म्हणजे?"

"थरथर थांबली, म्हणून वळली."

"म्हणून, म्हणून. कशावरून?" तो ओरडला. इंजिन बंद होतं, ओरडायची गरज नव्हती. "आवाजाला नाही आणि थरथरीला, हे तुला कसं कळलं? कोण तू, डॉक्टर?"

मी दार उघडून उतरले. झाडांखालची जागा सोडून उन्हात आले, कारण पानांच्या सावल्या हलत होत्या. मीराला दोन्ही काखांत धरून अंगापासून लांब उचलली, पाय अधांतरी, तोंड समुद्राच्या बाजूला, तिकडे नुसतं रिकामं आभाळ. माझे हात थरथरू नयेत म्हणून मी श्वास धरला. सुयोग मागून आला. "तिथे नको," मी म्हटलं, "तुझी सावली पुढे पडतेय. या बाजूला ये. वाऱ्याच्या पुढे नको. हां. आता हाक मार."

तो उभा राहिला. मला वाटलं, हाक मारणारच नाही.

"मीरा," तो म्हणाला. साधं, घरात म्हणतो तसं.

मीरा आभाळाकडे बघत होती. तिचे पाय हवेत हलत होते.

"मीरू." मग मोठ्याने, "मीरा!" मग गिरणीतल्या बापाच्या मुलाचा आवाज निघाला, आमच्या घरातला, चार बिल्डिंगांना जाणारा. व्हॅनपाशी बसलेला वॉचमन उठून उभा राहिला. स्कूटरवरून जाणारी बाई वळून बघत पुढे गेली, झाडातून कावळे उडाले, आणि मीराला कावळे दिसले तशी ती त्यांच्याकडे हात पसरून हसली. सुयोग हाक मारत राहिला. माझे खांदे भरून आले होते, पण मी हात खाली घेतले नाहीत. खाली घेतले असते तर तो म्हणाला असता, परत करू, नीट नाही झालं.

मग तो थांबला आणि जवळ आला. माझ्याकडे न बघता तिच्या डोक्यावर वाकला, कानाला ओठ लावले, आणि अक्षताने केलं होतं तसं केलं. "कुर्रर्र." आणि नाव सांगितलं. केसांत फुंकर गेली तशी मीरा मान आत ओढून खुदकन हसली.

सुयोगने माझ्याकडे पाहिलं. तो हसला असता तर आम्ही गाडीत बसून नेव्हिलकडे चहाला गेलो असतो, पुन्हा घरी, पुन्हा तसंच. तो हसला नाही. त्याने हळूच तळवा तिच्या पाठीवर ठेवला, पूर्ण, बोटं पसरून, आणि तसाच उभा राहिला. मागे गाडीखाली काहीतरी गार होत टिकटिकत होतं, थांबून थांबून. ते आम्हा दोघांनाच ऐकू येत होतं.